कचरा हाही भूस्तरच

मुंबईतल्या देवनारच्या डम्पिंगवर १९२७ सालापासून कचरा पडतो आहे. त्याच्या वीसेक वर्षे आधी, १९०६ मध्ये, कुर्ला-चेंबूर लोहमार्ग टाकला गेला तोही कचऱ्याच्या गाड्यांसाठीच. प्रवाशांना त्या मार्गावर जागा मिळाली ती बऱ्याच नंतर, १९२४ मध्ये. म्हणजे या परिसराची जमीन घडवण्याचे काम शहराने शंभर वर्षांहून अधिक काळ नेमाने केले आहे. महापालिकेच्या अंदाजाने आज तिथे १८५ लाख टन जुना कचरा साठला आहे, आणि काही ठिकाणी त्याचे ढीग तीस-चाळीस मीटर उंच आहेत. खाडीच्या चिखलावर बसलेला, जाडी मोजता येईल असा, कधी साचला आणि कशाचा बनला हे सांगता येईल असा पदार्थाचा एवढा मोठा थर निसर्गाने घातला असता, तर भूशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले असते, रंग दिला असता आणि त्यावर दोन-चार प्रबंधही झाले असते. माणसाने घातला म्हणून त्याला नकाशात जागा नाही.

ही जागा त्याला द्यावी, हे या लेखाचे म्हणणे आहे. पण ते नुसते म्हणून भागत नाही. द्यायची कशी, कोणत्या माहितीच्या आधारे, हा खरा प्रश्न आहे. ती माहिती बव्हंशी मातीच्या नोंदींत आहे. मातीच्या नोंदींतून भूस्तरांचा नकाशा काढता येतो. मात्र त्या नोंदी कोणी केल्या, कशासाठी केल्या आणि नोंद करणारा कुठे थांबला, हे आधी तपासले तरच.

आपल्या ओळखीचा भूशास्त्रीय नकाशा खडकाचा असतो. मुंबईच्या खडकांचा अभ्यास जुना आहे. एच. जे. कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिले, आणि १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी ए. बी. विन यांनी १८६६ मध्ये त्याच विषयावर विस्तृत अहवाल दिला. पुढे प्राध्यापक एस. एफ. सेठना यांच्यासारख्यांनी या शहराच्या लाव्हाचे थर, राखेचे खडक, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब, असे सगळे बारकाईने मांडले. मात्र खडकाचा नकाशा वाचताना वरची माती सोलून काढली आहे असे समजायचे असते. खाडीकाठी नकाशाकार ‘अलीकडचा गाळ’ असा एकच रंग फासून पुढे जातो. ज्या देशांत हिमयुगातल्या बर्फाने दहा-वीस मीटर जाडीचे गोटे-माती पसरून ठेवली, तिथे या मोकळ्या थरांचे वेगळे नकाशे पूर्वीपासून निघत आले, कारण तिथे घर, रस्ता, विहीर सगळे त्या थरातच होते. आपल्याकडे काळा पाषाण एवढा जवळ आणि एवढा सर्वत्र, की वरच्या थराकडे पाहायची निकड कोणाला वाटली नाही. देवनारजवळच्या ट्रॉम्ब्याच्या टेकडीवर हे दुर्लक्ष चालून गेले. टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या सपाटीवर चालत नाही.

दुसरीकडे मृदा सर्वेक्षण आहे. नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ पासून हे काम करते. सर्वेक्षक शेतात साधारण दीड मीटरचा खड्डा घेतो, त्याची एक भिंत साफ करतो आणि वरून खाली थर नोंदवत जातो. मुन्सेलच्या रंगपट्टीशी ढेकूळ ताडून रंग लिहितो. माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये तिची फीत काढतो; फीत किती लांब टिकते यावरून चिकणपणा ठरतो. सौम्य आम्लाचा थेंब टाकून चुनखडी फसफसते का ते बघतो. तांबूस-करडे ठिपके दिसले तर पाणी कुठवर चढते ते कळते. आणि या सगळ्यात एक रकाना असतो: जनक पदार्थ. ही माती कशापासून झाली?

भूस्तरांचा नकाशा काढणाऱ्याला हवा असतो तो हाच रकाना. हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये मांडले की माती ही हवामान, जीवसृष्टी, भूरूप, जनक पदार्थ आणि काळ या पाच घटकांतून घडते. घटक माहीत असतील तर मातीचा अंदाज बांधता येतो. मग गणित उलटेही मांडता येते: माती, हवामान, उतार माहीत असेल तर जनक पदार्थ काय असावा ते काढा. एकाच जनक पदार्थावरच्या मृदा-एककांना एकत्र करा, त्यांच्या सीमा जोडा, आणि मोकळ्या थरांचा पहिला मसुदा हाती येतो.

दख्खनच्या पठारावर ही युक्ती छान चालते. माळावर वीतभर भरड, मुरमाड जमीन. तिचा अर्थ खडक जागच्या जागी कुजतो आहे. उताराच्या पायथ्याशी गोट्यामिश्रित मध्यम जमीन. ती वरून घसरून, वाहून आलेली. खाली नदीकाठी पुरुषभर खोल काळी. या खोल काळ्या जमिनीबद्दल पुष्कळ दिवस समज होता की ती खालच्या खडकापासूनच झाली. नागपूरच्या संस्थेतील डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झाले की तिचा जनक पदार्थ बहुतेक ठिकाणी वरच्या डोंगरांवरून आलेला बेसॉल्टी गाळ आहे. म्हणजे मृदा नकाशावरचा खोल काळ्या जमिनीचा पट्टा हा भूस्तरांच्या नकाशावर गाळाचा पट्टा होतो. शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्याने ही विभागणी केलेलीच होती. कोकणातही सड्यावरचा कातळ, वरकस उतार, भातखाचर आणि खाजण या चार जमिनी सांगितल्या की निम्मा नकाशा सांगून होतो.

आता अडचणी. पहिली अडचण तर्काची आहे, आणि तिच्याकडे सहसा डोळेझाक होते. १९३५ मध्ये डी. एन. वाडिया, एम. एस. कृष्णन आणि पी. एन. मुखर्जी यांनी भारतातील मृदांच्या भूशास्त्रीय पायावर लेख लिहिला. त्यात खडकाच्या नकाशावरून मातीचा अंदाज बांधलेला होता. नंतरच्या सर्वेक्षणांनी खड्डे घेतले, उपग्रहचित्रे वापरली. तरी दोन खड्ड्यांमधली रेषा ओढताना सर्वेक्षकाच्या टेबलावर भूशास्त्रीय नकाशा आणि भूरूपे असतातच. मग त्याच रेषांवरून आपण पुन्हा भूस्तरांचा नकाशा काढला, तर नवे काय कळले? आपलेच म्हणणे आपल्याला परत ऐकू येते आणि आपण त्याला पुरावा म्हणतो. म्हणून या पद्धतीत एक पथ्य पाळावेच लागते: पुरावा म्हणून खड्ड्याची मूळ नोंद घ्यायची, नकाशावरची रेषा नव्हे. रेषा हे मत असते. खड्डा ही साक्ष.

दुसरी अडचण प्रमाणाची. राज्याचा मृदा नकाशा पाच लाखांत एक या प्रमाणावर आहे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. देवनारचे सव्वाशे-दीडशे हेक्टरचे डम्पिंग त्यावर तिळापेक्षा जरासे मोठे दिसेल. पन्नास हजारांत एक या प्रमाणावर तो सुमारे दोन सेंटिमीटरचा चौकोन होतो, आणि दहा हजारांत एकवर तळहाताएवढा. तिसरी अडचण खोलीची: दीड मीटरच्या खड्ड्याला त्याखालचे दिसत नाही.

चौथी अडचण मात्र देवनारची स्वतःची आहे. मृदा सर्वेक्षण शेतीसाठी जन्माला आले. जिथे पीक नाही तिथे त्याला काम नाही. गावठाण, शहर, कारखाना, डम्पिंग यांच्या सीमेवर सर्वेक्षक थांबतो आणि आत ‘वस्ती’ लिहून मोकळा होतो. खडकवाला वरचा थर काढून टाकतो, मातीवाला शहर काढून टाकतो. दोघांनी मिळून जे वगळले ते म्हणजे शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर, लोटस कॉलनी, आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले डम्पिंग. मुंबईची बरीच जमीन याच वगळलेल्या प्रकारात मोडते. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून झालेले शहर भरावाचा नकाशा न काढता नांदते आहे, याचे आपल्याला नवल वाटत नाही, एवढेच.

मग इथे मातीची नोंद कोणी केलीच नाही का? केली आहे, भरपूर केली आहे. फक्त ती करणाऱ्याला आपण मृदा सर्वेक्षक म्हणत नाही. इमारतीच्या पायासाठी ‘सॉइल टेस्टिंग’ करायला येणारी तिकाटणी, तिच्यावरचे रिग आणि दोन-चार कामगार, हेच या शहराचे मृदा सर्वेक्षण. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडतात; नळी दर पंधरा सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. पहिल्या पंधराचे ठोके धरत नाहीत, पुढच्या तीसचे धरतात, आणि ती बेरीज म्हणजे साइटवरच्या सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एन व्हॅल्यू’. ठाणे खाडीच्या या काठावर बोअरची नोंद साधारण अशी वाचायला मिळते: वरचे काही मीटर भराव, त्यात विटांचे तुकडे, काँक्रीट, चिंध्या, प्लास्टिक; ठोक्यांचे आकडे वेडेवाकडे, कारण नळी कधी पोकळीत जाते तर कधी दगडावर आदळते. त्याखाली निळसर करडी समुद्री चिकणमाती, शिंपल्यांच्या चुऱ्यासह. इथे ठोके दोन, तीन, कधी नळी स्वतःच्या वजनानेच खाली. मग पिवळट घट्ट माती, मग मुरूम, मग कुजलेला खडक, आणि शेवटी पन्नास ठोक्यांनीही नळी हलेना की ‘रिफ्यूजल’ लिहून खडकाचा गाभा काढायला सुरुवात. जनक पदार्थाचा रकाना या कागदात नाही. पण त्याचे उत्तर ओळीओळीत आहे.

खोल नोंदीचे मोल काय असते ते मुंबईने एकदा पाहिले आहे. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना, समुद्राच्या निळ्या चिकणमातीखाली खैराच्या झाडांचे उभे बुंधे सापडले, मुळे जुन्या जमिनीत रुतलेली. म्हणजे आज भरतीच्या पाण्याखाली असलेली ती पातळी एके काळी जंगलाची जमीन होती. मग समुद्र चढला किंवा जमीन खचली आणि चिखलाने तिला झाकले. वरून दीड मीटरचा खड्डा घेणाऱ्याला ही पुरलेली माती जन्मात कळली नसती. कळली ती गोदी बांधणाऱ्या अभियंत्यांमुळे, आणि त्यांनी पाहिलेले लिहून प्रसिद्ध केले म्हणून आपल्यापर्यंत आली. आजचा बांधकामवाला त्याहून कितीतरी जास्त खणतो आणि फाइल बंद करतो.

कचऱ्याला भूस्तर म्हणण्यावर आक्षेप आहेत. पहिला सोवळेपणाचा: माणसाने टाकलेले ते भूशास्त्र कसे? पण महाराष्ट्राला तरी हा आक्षेप शोभत नाही. आपल्या गावांच्या व्यवहारात काळी ही पिकाची आणि पांढरी ही वसतीची जमीन अशी विभागणी शतकानुशतके चालत आली. पांढरीचे टेकाड म्हणजे राख, शेण, पडलेल्या भिंती, खापरे आणि हाडे यांचा थरावर थर. घोड नदीकाठच्या इनामगावचे असेच टेकाड डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी थर लावून उकलले आणि त्यातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा इतिहास उभा केला. तीन हजार वर्षांपूर्वीचा उकिरडा विद्येचा विषय होतो, आणि शंभर वर्षांचा होत नाही, याला कारण शास्त्रीय नाही. बाहेरच्या जगात हा वाद मिटल्यात जमा आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण आपल्या नकाशांवर भरावाची, खणलेली, खणून पुन्हा भरलेली अशी मानवनिर्मित जमीन वेगळ्या वर्गांत दाखवते. मृदांच्या जागतिक वर्गीकरणात २००६ पासून ‘टेक्नोसोल’ हा गट आहे. न्यूयॉर्क शहराचे मृदा सर्वेक्षण झाले तेव्हा बांधकामाच्या राडारोड्यावरच्या मातीला ‘लाग्वार्डिया’ आणि कचराभूमीवरच्या मातीला ‘फ्रेशकिल्स’ अशी नावे दिली गेली. फ्रेश किल्स ही १९४८ पासून २००१ पर्यंत चाललेली तिथली प्रचंड कचराभूमी. त्यांच्याकडे डम्पिंगची माती अधिकृत नामावलीत आहे. आपल्याकडे ती ‘वस्ती’ आहे.

एकदा हे मान्य केले की देवनारच्या नकाशाची सूची आपोआप सुचू लागते. भरती-ओहोटीतला उघडा चिखल आणि तिवरांखालचा चिखल, टेकडीच्या पायथ्याचा मुरूम, राख, शेण, भाजीपाला आणि चिंध्यांचा प्लास्टिकपूर्व काळातला कचरा, त्यावरचा प्लास्टिकयुक्त कचरा, रस्त्यांचे बांध, आणि वस्तीतला भराव. खडकाचा काळ ठरवायला जसे विशिष्ट जीवाश्म वापरतात, तसे इथे प्लास्टिक वापरता येईल. त्याच्या असण्या-नसण्यावरून थराचे वय अंदाजे सांगता येते. वस्तीतला भराव तर स्वतंत्र अभ्यासाचाच विषय. दलदलीत झोपडी उभी करणाऱ्याने आधी डेब्रिजच्या गाड्या विकत घेऊन पाय ठेवण्यापुरती जमीन केली. मग दर पावसाळ्यात पाणी शिरले की जोते उचलले; गल्ली उंच झाली की जुने घर खोलात गेले, म्हणून ते पुन्हा भरले. हा थर महापालिकेने टाकला नाही, निसर्गानेही नाही. लोकांनी टोपल्या-टोपल्यांनी टाकला, आणि तो त्यांचाच खर्च होता.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: हा थर आता उचलायचाच आहे, मग त्याचा नकाशा कशाला? सुमारे ११० हेक्टरवरचा जुना कचरा बायोमायनिंगने काढण्याचे महापालिकेचे नियोजन आहे, आणि या डम्पिंगची सव्वाशे एकरांच्या आसपास जमीन धारावी पुनर्विकासाला द्यायचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. माझ्या मते नकाशाची खरी गरज इथेच सुरू होते. बायोमायनिंग म्हणजे कचरा उकरून चाळणे. प्लास्टिक, चिंध्या एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे, आणि खाली उरते बारीक माती. ही माती नाहीशी होत नाही. ती कुठल्या तरी खोलगटात, रस्त्याखाली, भरावात जाते. म्हणजे देवनारचा थर देवनारहून निघून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा साचतो, आणि त्या ठिकाणी तो काय आहे हे सांगणारा कागद नसेल तर आपण एका जागेचा प्रश्न दहा जागी पेरलेला असतो. इथेही कचरा गेला म्हणून जमीन कोरी होत नाही. खालची समुद्री चिकणमाती शंभर वर्षे त्या ओझ्याखाली दबली आहे, ती कुठे किती दबली हे कचऱ्याच्या जाडीवर ठरते. झिरपलेले पाणी तिच्यात मुरले आहे. डम्पिंगवरची २८ जानेवारी २०१६ ची आग अनेकांना आठवत असेल. तिचा धूर उपग्रहांनाही दिसला. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन अशा आगींना खाद्य पुरवतो, आणि कचऱ्यावर इमारती उभ्या राहिल्या तरी वायू निघायचा थांबत नाही. मालाडच्या चिंचोली बंदर कचराभूमीवर झालेल्या व्यापारी संकुलात संगणकांचे भाग गंजत असल्याच्या तक्रारींच्या बातम्या मुंबईने वाचल्या आहेत.

तिसरा आक्षेप मालकीचा: बोअरचे पैसे बिल्डरने दिले, नोंद त्याची. खरे तर या परिसरात खाजगीहून सरकारी बोअर कमी नसाव्यात. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, पूर्व मुक्तमार्ग, मोनोरेल, मानखुर्दच्या मंडाळे डेपोपर्यंत येणारी मेट्रो. यांतला एकही खांब माती तपासल्याशिवाय उभा राहत नाही. ही तपासणी लोकांच्या पैशातून झाली. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून अमलात असलेल्या कायद्याने सरकारी संस्थांना भूगर्भाची माहिती एका राष्ट्रीय नोंदवहीत जमा करावी लागते. ब्रिटनमध्ये पाण्यासाठी पंधरा मीटरपेक्षा खोल बोअर मारली तर तिची माहिती भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला देणे बंधनकारक आहे, आणि तिथल्या संग्रहात दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी आहेत. आपल्याकडे २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आणि २०२२ चे भूस्थानिक धोरण यांनी नकाशांवरची बंधने सैल केली. वाट मोकळी आहे. देवनारच्या बोअर मात्र ज्याच्या त्याच्या कपाटात आहेत.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो भूशास्त्राचा नाही. असा नकाशा निघाला की पहिला दगड कोणावर पडेल? ‘ही जमीन भरावाची, धोक्याची’ असे रंगवलेला कागद हातात आला की बैंगनवाडीतल्या घरावर नोटीस लावायला वेळ लागणार नाही. आणि त्याच रंगाच्या पट्ट्यावर टॉवर उभा करायला परवानगी मिळेल, कारण टॉवरकडे पायलिंगचे पैसे आहेत. ही भीती काल्पनिक नाही. देवनार ज्यात येते त्या महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या लोकांची गरिबी, आरोग्य, शिक्षण यांची पाहणी वारंवार झाली. देवनारमध्येच असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने तर घराघरांत जाऊन केली. इतकी मोजदाद होऊनही वस्तीची स्थिती किती पालटली, हे रहिवासी विचारतात आणि त्यांना तो हक्क आहे. आणखी एक पाहणी कशाला हवी?

माझे उत्तर असे. आज माहिती नाही असे नाही. ती फक्त एकाच बाजूकडे आहे. जो बांधतो त्याला खालचा थर माहीत असतो, जो राहतो त्याला नसतो. नकाशा न काढल्याने ही विषमता टिकते, वस्ती सुरक्षित होत नाही. उलट ज्या भरावावर तीन पिढ्या राहिल्या तो किती जुना, किती जाड, खाली कचरा आहे की नुसते डेब्रिज, हे मांडता आले तर हटवण्याच्या नोटिशीलाही उत्तर देता येईल. कारण सगळा भराव सारखा नसतो, आणि ‘डम्पिंगची जमीन’ या एका शिक्क्याखाली सगळ्यांना लोटणे सोपे जाते ते याच अज्ञानामुळे. नकाशा दुधारी आहे, हे कबूल. पण आज त्याची मूठ एकाच हातात आहे.

करायचे काय, ते फार मोठे नाही. बांधकाम परवानगीच्या नियमांत एक कलम घालावे: प्रत्येक बोअरची नोंद, अक्षांश-रेखांश आणि तारखेसह, ठरलेल्या नमुन्यात महापालिकेकडे जमा झाल्याशिवाय जोत्याचा दाखला मिळणार नाही. सरकारी प्रकल्पांच्या जुन्या नोंदी एका वर्षात खुल्या कराव्यात. नागपूरच्या मृदा संस्थेने आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मिळून दहा हजारांत एक या प्रमाणावर एम-पूर्व विभागाचा भूस्तर-नकाशा काढावा, त्यावर तारीख घालावी आणि दर पाच-दहा वर्षांनी तो नव्याने काढावा. कारण इथली जमीन इतर ठिकाणच्या जमिनीसारखी थांबून राहत नाही. बायोमायनिंगमधून निघणाऱ्या मातीची प्रत्येक खेप कुठे पडली हेही त्याच नकाशावर यावे. आणि धारावीतून देवनारला येणाऱ्या कुटुंबाच्या हातात घराच्या करारनाम्यासोबत त्या जागेचा छेद द्यावा: वर काय, खाली काय, किती मीटरवर खडक. तो वाचून ‘मी येत नाही’ म्हणायचा हक्क त्याला असला पाहिजे. सरकारला आणि विकासकाला जे वाचून जमीन घ्यायची की नाही हे ठरवता येते, ते तिथे राहायला जाणाऱ्यापासून लपवण्याचे एकही सबळ कारण अजून कोणी पुढे केलेले नाही.